दोन कानांची जबानी

डाव्या कानात २०० हर्ट्‌झचा आणि उजव्या कानात २१० हर्ट्‌झचा शुद्ध स्वर सोडला असता, दोन साक्षीदारांच्या जबान्यांत तफावत आढळताच त्या तफावतीलाच तिसरा पुरावा मानून ती दप्तरी दाखल करणाऱ्या मामलेदाराप्रमाणे, आपला मेंदू सेकंदाला १० वेळा स्पंदणारा असा एक नाद, म्हणजेच विस्पंद, ऐकू लागतो, जो बाहेरच्या हवेत कोठेही नसतो. हा चमत्कार एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या हाइनरिख डोव्हे ह्यांच्या ध्यानी आला. १९७३ साली जेराल्ड ऑस्टर ह्यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्याचा सविस्तर परामर्श घेतला. आणि पुढे संगणकाने त्याची रीतसर कचेरीच थाटली.

जिम पीटर्स ह्यांच्या 'एसबॅजेन' ह्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ स्वर, फरक आणि आवाजाची पातळी '२००+१०/६०' अशा रोकड्या भाषेत फाइलीत लिहून, पुढे घड्याळाचे तास नोंदवले, की रात्री दहाला अल्फा लहरी, अकराला थीटा आणि मध्यरात्री डेल्टा असे फर्मान मेंदूवर तामील व्हावे, अशी भाविकांची श्रद्धा असते. डेल्टा म्हणजे सेकंदाला चारांहून कमी आंदोलने, अर्थात गाढ निद्रा. मेंदूच्या लहरी ह्या बाह्य ठेक्याला खरोखर कितपत रुजू होतात, ह्याविषयी प्रयोगांचे निकाल परस्परांशी भांडतात. परंतु अनिद्रेने गांजलेला मनुष्य निकालपत्र वाचीत बसत नाही, हेडफोन शोधतो.

मी फाइल सिद्ध केली, पिंक नॉइजची सरसर मिसळली आणि इअरफोन चढवले, तोच, आमच्या घरात खाजगी असे काही असू शकते हे तत्त्वतःच अमान्य असलेल्या सौभाग्यवतींनी "काय ऐकताय एवढं?" असे विचारून उजवी गुंडी काढून आपल्या कानात घातली. दोन स्वर दोन निराळ्या डोक्यांत गेले, की विस्पंद कोणाच्याच मेंदूत उमटत नाही. म्हणजे शास्त्रदृष्ट्या त्या क्षणी तिच्या वाट्याला एक निरर्थक घूंकार आणि सरसर ह्यांखेरीज काहीही आले नव्हते. हे मी तिला डोव्हेपासून आरंभ करून समजावून सांगू लागलो, आणि ऑस्टरपर्यंत पोहोचण्यापूर्वीच ती गाढ झोपली होती.

सकाळी चहा देताना तिने अभिप्राय दिला : "यंत्र चांगलं आहे हो. तुमच्या बोलण्याइतकंच लागू पडतं, आणि मधूनमधून 'हं' म्हणावं लागत नाही."