मागच्या वर्षीचा नाताळ

सॉल्ट लेक सिटीचा नाताळ घरोघरच्या पडद्यावर पोचतो तो वर्षभर जुना होऊन. तिथल्या टॅबरनॅकल क्वायर या गायकवृंदाची नाताळ-मैफल डिसेंबरात रंगते, तिचं चित्रीकरण होतं, आणि पीबीएस वाहिनीवर ती दिसते थेट पुढच्या डिसेंबरात. २०१६ साली मेक्सिकोचा ऑपेरा गायक रोलांदो व्हियाझोन तिथे गायला, दूरच्या प्रेक्षकांनी ते सारं पाहिलं २०१७च्या नाताळात. मधल्या काळात बर्फ वितळलं, झाडं फुलली, अमेरिकेचा अध्यक्ष बदलला. व्हियाझोनच्या भुवया मात्र त्याच सुरावर उंचावलेल्या राहिल्या. अर्थात, बाळ जन्मल्याची ही बातमी दोन हजार वर्षांची झाली तरी दर वेळी आत्ताच कळल्यासारखी सांगायची असते. तिथे एका वर्षाच्या शिळेपणाचा हिशेब कोण मांडणार?

मला या मैफलीत मौज वाटते ती ऑपेरातून आलेल्या पाहुण्यांची. ऑपेरा गायकाची सारी तालीम ध्वनिवर्धकावाचून ऐकू जाण्यासाठी असते. तीन हजार हर्ट्‌झच्या आसपास वाद्यवृंदाचा नाद विरळ होत जातो, आणि हे गायक नेमकी तिथेच आपल्या स्वराची धार नेऊन ठेवतात. मग भरल्या मांडवात एखाद्याच अत्तराचा गंध वाट काढत यावा, तसा तो एकटा गळा साऱ्या व्हायोलिनांतून आणि कर्ण्यांतून मागच्या रांगेपर्यंत येतो. अशी अर्ध्या आयुष्याची तपश्चर्या करून माणूस इथे पोचतो, तर समोर २१,००० आसनांचं कॉन्फरन्स सेंटर, आणि तिथे मायक्रोफोन लागतोच. गरुडाला विमानाचं तिकीट काढून द्यावं, तसं काहीसं. पण गरुड तक्रार करत नाही, खिडकीजवळ बसून हसतमुखाने प्रवास करतो.

त्याच्या मागे पायऱ्या-पायऱ्यांवर उभी असतात सुमारे ३६० माणसं. त्यांना पगार नाही, मानधन नाही. दिवसा शाळा, दवाखाने, दुकानं, कचेऱ्या सांभाळून ती संध्याकाळी तालमीला येतात. या वृंदात शिरणंही सोपं नाही. आधी आवाज मुद्रित करून पाठवायचा, मग संगीताच्या ज्ञानाची परीक्षा द्यायची, मग परीक्षकांसमोर उभं राहून गायचं, आणि निवड झाल्यावर पुन्हा काही महिने शिकायचं. एवढ्या सगळ्यातून पार पडल्यावर मिळतं काय, तर वेगळं ऐकू न येण्याचा अधिकार. आपला आवाज शेजारणीच्या आवाजात असा मिसळायचा, की दोघींनाही तो परत सापडू नये. श्वाससुद्धा पाळीपाळीने घ्यायचा: एकाने गुपचूप थांबून छाती भरून घ्यावी, तोवर बाजूच्याने स्वर धरून ठेवावा. त्यामुळे बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं, एवढा मोठा समुदाय, पण श्वास म्हणून कुणी घेतच नाही. आमच्या गणपतीच्या आरतीत नेमकं उलट असतं. तिथे प्रत्येक जण एकल गायकच, आणि शेवटचा शब्द घरभराचा श्वास संपेपर्यंत ताणणारे एक काका प्रत्येक कुटुंबाला देवाने नेमून दिलेले. मॅक विल्बर्ग हे या वृंदाचे संचालक. त्यांच्यापुढे आमच्या काकांना उभं करून पाहावं, असं मला फार दिवस वाटतं. कोण कुणाला वळण लावेल, सांगता येत नाही.

या मंडळींचं ध्वनिलहरींशी नातं तसं जुनं. १५ जुलै १९२९ रोजी त्यांचा साप्ताहिक रेडिओ-कार्यक्रम सुरू झाला, तो अजून चालू आहे. पहिल्या दिवशी मायक्रोफोन होता एकच, आणि तोही वरून टांगलेला. निवेदक टेड किंबॉल, वय १९. तिथवर तोंड पोचावं म्हणून तो उंच शिडीवर चढला आणि कार्यक्रम संपेपर्यंत वरच राहिला. खाली स्वरांचा समुद्र, वर शिडीला धरून उभा एक पोरगा, खोकला येऊ नये म्हणून देवाची करुणा भाकत असलेला. निदान मी असतो, तर भाकली असती.

आता शिडीची गरज उरली नाही. कॅमेरेच हवेत तरंगतात. आणि त्यांचं एक वेडं काम असतं. ज्यांचा आवाज वेगळा कळू नये म्हणून इतका खटाटोप झाला, त्यांचे चेहरे ते एकेक करून दाखवत जातात. आल्टो म्हणजे स्त्रियांतल्या खालच्या पट्टीच्या गायिका. त्यांच्या रांगेतली एखादी चष्मेवाली बाई तीन-चार क्षण पडदाभर होते. तोंड गोल, डोळे काठोकाठ. आपण कान टवकारतो, पण तिचा म्हणून जो सूर असेल, तो काही हाती लागत नाही.

वीस वर्षं भरली किंवा वयाची साठी आली, यांतलं जे आधी घडेल तेव्हा वृंदातून निवृत्त व्हायचं, असा इथला नियम. म्हणजे या बाईचा तो शेवटचा नाताळ असू शकतो. वर्ष सरतं, तिची जागा दुसरी कुणी घेते, आणि डिसेंबरात मागच्या वर्षीची मैफल लागते तेव्हा ती कोचावर, मांडीवर शाल घेऊन बसलेली असते. पडद्यावर ती अजून निवृत्त झालेली नाही. तिचे ते तीन-चार क्षण येतात, घरातले टाळ्या पिटतात, आणि तिला राहवत नाही. ती आपली खालची पट्टी धरून गाऊ लागते. शेजारी मिसळून जायला कुणी नाही, श्वास सांभाळून घ्यायला कुणी नाही. दिवाणखान्यात तिचा आवाज एकटा, थोडा जाडसर, मध्येच तुटणारा, अगदी स्वच्छ ऐकू येतो. पडद्याला नाक लावून बसलेला नातू वैतागून मागे वळतो.

“आजी, हळू ना! तू गातेयस ते ऐकू येत नाहीये.”