टेकडीवरचा वसंत

पुण्यात वसंत येतो तो नेमका वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. वेताळ टेकडीवर पळस फुललेला, काटेसावरीवर मैना-कोतवालांची मकरंदासाठी झुंबड. आणि बालवाडीतलं पोर घरात ‘स्प्रिंग सीझन’ रंगवतंय. चित्रात अर्थातच ट्युलिप.

अखेर एका रविवारी सहकुटुंब निसर्गसहल निघते. टोप्या, सनस्क्रीन, सॅनिटायझर, पॉवरबँक (पॉवरबँक कुणासाठी, हे विचारू नये). वाटेत सावरीचं जाडजूड लाल फूल पडलेलं. पोर उचलतं.

“टाक ते, घाण आहे!” आई.

“थांब, आधी फोटो!” बाबा.

फोटो निघतो, फूल पडतं, हात पुसले जातात. निसर्गाशी जडलेलं हे नातं घरी पोचायच्या आत आजी-आजोबांच्या ग्रुपवर झळकतं. पोर एव्हाना मुंगळ्यांच्या रांगेपाशी उकिडवं बसलंय. त्याला ओढून उठवावं लागतं. साडेनऊला ड्रॉइंगचा क्लास आहे.