चिल्लरपारखी

सोन्याचा कस लावणारे जळगावच्या सराफ्यात ढिगानं सापडतील. रुपयाच्या नाण्याचा कस लावणारा बघायचा तर भुसावळच्या वाटेवर नशिराबादला उतरावं आणि एखाद्या किराणा दुकानापाशी उभं राहावं. सुटे परत मिळाले की बाकीचे मोजतात, हा वाचतो. आधी साल, मग सालाखालची खूण: हिरा म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा आणि काहीच नसलं तर कोलकाता. मग नाणं दोन बोटांत उभं धरून गरकन फिरवायचं, मागची बाजू सरळ येते की तिरकी हे बघायला. मग खिशातून भिंग. तोवर मागं रांग लागलेली असते आणि कुणीतरी म्हणतं, "काय भो, रुपयाची कुंडली मांडली का?" गावानं त्याच्यापुरता निकाल देऊन टाकलाय: माणसांच्या खोटी काढणारे कमी पडले, म्हणून हा नाण्यांच्या काढतो. माझं म्हणणं उलट आहे. अख्ख्या रांगेत नाण्यावर सगळ्यांत कमी संशय घेणारा माणूस हाच.

पुरावा दहाच्या नाण्याचा घ्या. दोन धातूंचं हे नाणं 2009 मध्ये चलनात आलं आणि पुढे कधीतरी आवई उठली की दहा रेघांचं ते खरं, पंधरा रेघांचं ते खोटं. चौदाच्या चौदा नमुने वैध आहेत, हे रिझर्व्ह बँकेला जानेवारी 2018 मध्ये जाहीर करावं लागलं. तरी दुकानदार मान हलवत राहिले. ज्यांनी जन्मात नाण्याकडे धड पाहिलं नव्हतं, ते लांबूनच त्याला खोटं ठरवत होते. भिंगवाला मात्र ते मुकाट खिशात टाकत होता. खोट असणं वेगळं आणि खोटं असणं वेगळं. एका अनुस्वाराचा हा फरक त्याला कळतो, कारण खोट कुठून येते ते त्याला ठाऊक असतं.

नाणं म्हणजे दोन पोलादी डायच्या मध्ये दाबलेली कोरी चकती. आघात सोसून सोसून डायला तडा गेला, की दाबाखालचा धातू त्या फटीत शिरतो. म्हणून खऱ्या 'डाय क्रॅक'ची रेघ नाण्यावर उंच उठते. कुणी खिळ्यानं ओढलेली रेघ खोल जाते. नखानं कळतं, भिंगही लागत नाही. डाय झिजला की अक्षरं फुगतात, बारकावे बुजतात, अशोकस्तंभाचे सिंह मांजरांसारखे दिसू लागतात. पण असं नाणं कोरं करकरीत असतानाच पुसट असतं, तर खिशाखिशांतून फिरून झिजलेलं नाणं उंचवट्यांवर गुळगुळीत होतं. पत्र्यातून चकती कापतानाच कडेचा तुकडा गेला असेल, तर बरोबर समोरची कडही बहुधा अशक्त उठते. ती ठसठशीत दिसली तर कुणाची तरी कानस फिरली असावी, असा संशय घ्यायचा. (या कसोटीवर त्याच्या स्वतःच्या डबीतली अर्धी नाणी नापास होतात. ती तो फेकत नाही. वेगळ्या डबीत ठेवतो.) कधी आधीचं नाणं डायलाच चिकटून राहतं आणि पुढच्यावर तीच बाजू उलटी, खोल उमटते. संग्राहक अशा नाण्याला 'लखी' म्हणतात. हा शब्द कानावर पडला की रांगेतल्या सगळ्यांना एकदम नाणकशास्त्राची गोडी लागते.

इथेच आक्षेप येतो: म्हणजे शेवटी लाखांचाच मोह ना? वैष्णोदेवीचं नाणं द्या, लाखो घेऊन जा, असे व्हिडिओ गावोगाव फिरले. जुनी नाणी विकत घेण्याच्या नावाखाली आधी शुल्क उकळणाऱ्या भामट्यांपासून सावध राहा, असं ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं. पण या जाळ्यात सापडतो तो कालपर्यंत नाणं न बघितलेला माणूस. चिल्लरपारख्याला व्हिडिओ दाखवा, तो एवढंच म्हणेल, "ही तर ढिगानं पाडलीत." त्याचा हिशेब तसा तोट्याचाच: रुपयाचं नाणं दोन रुपयांच्या पिशवीत घालून कायमचं बाजूला ठेवायचं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. रुपयाच्या डागात विद्या कसली, हा नुसता नाद. असेल. पण बऱ्हाणपूरच्या टांकसाळीतले मुघल रुपये बघा. डाय चकतीपेक्षा मोठा, घाव हातोड्याचा. त्यामुळे कधी टांकसाळीचं नाव अर्धं बाहेर, कधी साल गायब. तिथे प्रत्येकच नाणं सरकलेलं, म्हणून सरकल्याचं कुणाला कौतुक नाही. चूक दिसायला आधी यंत्राचा बिनचूकपणा यावा लागला. आणि जुन्या नाण्यांचे अभ्यासक करतात तरी काय? एकाच डायची नाणी शेजारी मांडायची, तडा कुठे नाही, कुठे बारीक, कुठे रुंदावलाय हे बघायचं आणि कोणतं आधी पाडलं ते ठरवायचं. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्थाच उभी आहे. नशिराबादचा गडी तेच काम किराणा दुकानासमोर करतो, फक्त त्याला कुणी खुर्ची देत नाही.

त्याच्यावर खरं संकट आलंय ते वेगळंच. पंचवीस पैसे 30 जून 2011 पासून बाद झाले. पन्नास पैसे कायद्यानं चालतात, दुकानात चालत नाहीत. आणि आता टपरीवरही फोन पुढे करून चहा मिळतो. सुटे मिळावेत म्हणून तो मुद्दाम नोट काढतो. दुकानदार सुट्यांऐवजी दोन चॉकलेटं हातावर ठेवतो. तो ती घेतो, उजेडाकडे धरतो आणि वेष्टनावरची छपाई सरकली आहे का ते बघतो.