चैत्री दांपत्य

चैत्री दांपत्य रत्नागिरीत गुढीपाडव्याच्या सुमारास दिसू लागते आणि मृगाचा पाऊस लागेपर्यंत दिसत राहते. नाचणे, कुवारबाव, शिवाजीनगर या भागांत त्याचा वावर अधिक. पण चार चिऱ्यांचे कुंपण आणि दोन कुंड्यांपुरती जागा मिळाली की ते कुठेही तग धरते. दोघांपैकी निदान एक जण निवृत्त असतो. नवऱ्याच्या हातात पहार, बायकोच्या हातात ब्रश आणि दोघांच्या अंगावर मागच्या वर्षीच्या रंगाचे डाग, एवढ्यावरून ओळख पटते.

या दांपत्याची पहिली अडचण ऋतूची. वसंतात बाग फुलवावी, असे त्याने मासिकांत वाचलेले असते. कोकणातल्या वसंताने ती मासिके वाचलेली नसतात. आंब्याचा मोहर पौष-माघातच येऊन गेलेला असतो आणि विहिरीने तळ दाखवायला सुरुवात केलेली असते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस घेणाऱ्या या जिल्ह्यात लागवडीचा खरा मुहूर्त जूनचा. एप्रिल-मेमध्ये करण्याजोगे काम एकच: आंब्या-माडासाठी मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून तो उन्हात तापू देणे. खाली जांभा आहे हे नवऱ्याला पहिल्या वीतभरात कळते. मग त्याला भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात काहीतरी तातडीने विचारायचे असते. तो परत येईपर्यंत खड्डा गड्याने खणलेला असतो आणि संध्याकाळी शेजाऱ्यांना तो ‘आम्ही खणला’ म्हणून दाखवला जातो.

खड्डा हे मात्र तात्पुरते दुखणे. जुनाट दुखणे करवंटीचे. कोकणातल्या घरात जवळजवळ रोज नारळ फुटतो, म्हणजे रोज दोन करवंट्या. इतर लोक त्या न्हाणीच्या चुलीत घालून मोकळे होतात. चैत्री दांपत्य त्या खरवडते, घासते, वाळवते आणि गोणीत भरते. नारळाच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, कोंब तिथूनच बाहेर पडतो. म्हणून डोळ्यांकडची करवंटी रोपासाठी, कारण तो डोळा टोचला की जादा पाणी निथळते. आणि दुसरी, बिनडोळ्यांची, हस्तकलेसाठी. हे वर्गीकरण पाहुण्याला चहाच्या आधी समजावून सांगितले जाते. चहा बाग पाहून झाल्यावर मिळतो.

हस्तकलेला मर्यादा नसते. साबण करवंटीत, किल्ल्या करवंटीत, चष्मा करवंटीत. दिव्यावर करवंटी, दारावर करवंट्यांचे तोरण. एका घरी बेलच्या बटणावरही नक्षीदार करवंटी बसवलेली होती. पोस्टमन बराच वेळ बेल शोधून अखेर कडी वाजवू लागला. लग्नकार्यात या जोडप्याकडून आहेराचे पाकीट येत नाही, करवंटीचे घुबड येते. रत्नागिरीतल्या अनेक शोकेसमध्ये अशी घुबडे एकमेकांकडे बघत बसलेली असतात.

या कलेचा कळस चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला होतो. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गौर झोपाळ्यात बसते. तिच्यापुढे आरास, आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे आणि पन्हे. एका घरी एका वर्षी पन्हे करवंट्यांतून देण्याचे ठरले. गोण्या भरताना नवऱ्याची वर्गवारी चुकली आणि काही डोळ्यांच्या करवंट्या हस्तकलेत गेल्या. बायकांच्या साड्यांवर पन्हे ओघळल्यावर तो आतून म्हणाला, “बघ, निचरा कसा छान होतो!” त्यानंतर दोन दिवस त्या घरात फक्त झाडांशी बोलणे चालू होते.

वैज्ञानिक दृष्टी याच घराण्यात आढळते. नवरा कोकोपीटची वीट शहरातून मागवतो, ती कुस्करून कुंड्यांत घालतो आणि तिचे गुण वर्णन करतो. ही वीट नारळाच्या सोडणातल्या भुशाची असते. त्याच वेळी मागीलदारी त्याच्या आंघोळीचे पाणी सोडणांवर तापत असते. करवंटी जपणाऱ्या माणसाला सोडण दिसू नये, याचा उलगडा शास्त्राला अजून झालेला नाही.

कलम निवडताना मतभेद टोकाला जातात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1981 साली नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ आणला. त्यात साका, म्हणजे गरातला खराब पांढरट भाग, होत नाही. नवऱ्याला तो हवा असतो. “अहो, रत्नागिरीत राहून हापूस सोडून दुसरं कलम? लोक काय म्हणतील?” “अगं, लोक साका खातात, आपण आंबा खाऊ.” अखेर जूनमध्ये दोन्ही कलमे लागतात आणि ओळखीसाठी प्रत्येकाच्या काठीला नाव रंगवलेली करवंटी टांगली जाते. जुलैत पाऊस दोन्ही नावे धुऊन नेतो. कोणते कलम कोणाचे, हे आता फळ धरल्यावरच ठरणार.

फळ धरायला कलमाला पाच-सहा वर्षे लागतात, बाणवली माडाला त्याहून थोडी जास्त. साठी ओलांडलेली ही माणसे तो हिशेब मांडत नाहीत. अशा बहुतेक घरांत नवऱ्याची नोकरी बाहेरगावी गेलेली असते, शनिवारच्या एस.टी.ने यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचे. मुले, म्हातारी माणसे, दुरुस्त्या, सगळे बायकोने एकटीने निभावलेले असते. आठवडाभर चालेल असे भांडण करायला त्यांना निवृत्तीपर्यंत सवडच मिळालेली नसते. खड्डा, करवंटी आणि ‘रत्ना’ ही त्या थकलेल्या संभाषणाची वसुली आहे. मुले पुण्या-मुंबईला असतात. त्यांना आंब्याची पेटी चालते, घुबड नको असते.

पाऊस लागला की हे दांपत्य उरलेली रोपे वाटत फिरते, करवंटीसकट. ती घ्यावीत. जागा नसेल तर शेजाऱ्याला द्यावीत, पण ‘नको’ म्हणू नये. आणि रोप कसे आहे असे त्यांनी विचारले, तर ते मेलेले असले तरी पालवी फुटली म्हणून सांगावे.