झडप बदलल्यावर गावी कसे जावे : नवशिक्यांसाठी

आखातातल्या मराठी माणसाला गावी कसं जायचं हे शिकवावं लागत नाही. तीस किलोची बॅग काउंटरवर टाकायची, सात किलोच्या नावाखाली दहा किलो हातात घ्यायचे, ड्यूटी फ्रीची पिशवी कुणी मोजत नाही असं मानायचं आणि मुंबईला उतरून वाईची गाडी धरायची. हृदयाची झडप बदलली, की मात्र हाच मुरलेला माणूस एकदम नवशिका होतो. पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही असं त्याला बजावलेलं असतं, आणि काही न उचलता गावी जाता येतं हे त्याने आजवर पाहिलेलं नसतं. हे मार्गदर्शन त्याच्यासाठी. ऑपरेशन कसं करतात ते इथे दिलेलं नाही. ते सर्जनला येतं.

आधी सराव म्हणून हॉस्पिटलपासून घरापर्यंतचा प्रवास करावा. समजा, ऑपरेशन अबुधाबीला झालंय आणि घर शारजात अल नहदाला आहे. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आणि रस्ता असा, की पोटातलं पाणी हलू नये. धोका रस्त्याचा नाही, गाडी चालवणाऱ्या मेहुण्याचा आहे. छातीचं मधलं हाड उभं कापून पुन्हा स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक ब्रेक तुम्हाला व्यक्तिशः कळतो. मागच्या सीटवर बसा. हॉस्पिटलने दिलेली उशी छातीशी धरा आणि पट्टा तिच्यावरून लावा. ‘दुखतंय, पट्टा राहू दे’ हे चालत नाही. 2017 पासून इथे मागे बसणाऱ्यालाही पट्टा सक्तीचा आहे. दंड चारशे दिरहम, शिवाय चार काळे पॉइंट, आणि ते मेहुण्याच्या नावावर. तेव्हा तोच आठवण करील. खोकला किंवा शिंक आली की हीच उशी दाबून धरायची असते. लाज वाटून ती डिकीत टाकणारे लोक पहिल्या शिंकेला गाडी थांबवून ती काढायला लावतात.

आता रजा. हाड नीट जुळायला सहा ते बारा आठवडे लागतात. इथल्या कामगार कायद्यात वर्षाला नव्वद दिवस आजारपणाची रजा आहे, पण तिचे पहिले पंधरा दिवस पूर्ण पगाराचे, पुढचे तीस अर्ध्या आणि उरलेले पंचेचाळीस बिनपगारी. म्हणजे हाड जुळत येतं तसतसा पगार सुटत जातो. तिकिटाची तारीख ठरवताना दोन्हींचा तक्ता समोर ठेवावा. एचआरशी बोलताना उशी बरोबर न्यायला हरकत नाही.

विमान कधी, हा प्रश्न डॉक्टरांना विचारा. शेजारच्या फ्लॅटमधले काका आठव्या दिवशी उडाले होते, हे उत्तर नव्हे. केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा कमी असतो. कळसूबाईची उंची साधारण चोपन्नशे फूट. म्हणजे तुम्ही तीन तास महाराष्ट्राच्या सर्वांत उंच माथ्याच्याही वर बसणार. तिथे प्राणवायू कमी मिळतो, आणि ऑपरेशननंतर छातीत कुठे हवा अडकून राहिली असेल तर ती फुगते. म्हणून पहिले दहाएक दिवस विमान कंपन्या त्यांच्या डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय सहसा घेत नाहीत. त्यासाठी एक वैद्यकीय फॉर्म असतो. तो तुमच्या डॉक्टरांनी भरायचा. ‘मीच भरतो, मला सगळं माहीत आहे’ म्हणणारे आपल्यात पुष्कळ असतात.

हातातल्या बॅगेत काय असावं? डिस्चार्जचे कागद, झडपेचं कार्ड, आयएनआरची (म्हणजे रक्त किती पातळ आहे त्या तपासणीची) वही आणि सगळ्या गोळ्या. गोळ्यांची नावं मूळ औषधाच्या नावाने लिहून घ्या, कारण दुबईतला ब्रँड वाईच्या मेडिकलमध्ये मिळेलच असं नाही. इथे वॉरफॅरिन चालू असेल आणि तिकडे कुणी ‘तेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ म्हणून असिट्रॉम हातात ठेवलं, तर घेऊ नका. रक्त पातळ करणारी ही दोन वेगळी औषधं आहेत. गोळीच्या वेळेवरून घरात वाद होईल. शारजातले रात्रीचे नऊ म्हणजे वाईतले साडेदहा. एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. रोज एकच वेळ पाळा आणि वाद घरच्यांना घालू द्या.

आता मुख्य प्रकरण, मोठी बॅग.

तुमच्या ऑपरेशनची बातमी गावात पोहोचली, की पहिला फोन रडत येतो, दुसरा काळजीने येतो आणि तिसऱ्यात ‘येताना जमलं तर’ असतं. किमिया खजूर, बदाम, दुधाची पावडर, कुणाच्या गुडघ्यांसाठी बाम. यात कुणाचा दुष्टपणा नाही. गावाच्या लेखी तुम्ही आणि बॅग या दोन वेगळ्या वस्तू कधी नव्हत्याच. खरी अडचण तुमच्याकडून आहे: रिकाम्या हाताने उंबरा ओलांडायची तुम्हालाच लाज वाटते. अनेक पुरुषांना ऑपरेशनची भीती वाटली नाही तेवढी या प्रसंगाची वाटते, असं माझं निरीक्षण आहे. उपाय तीन. बॅग न्यायचीच नाही, हा पहिला. तो कुणी करत नाही. न्यायची पण उचलायची बायकोने किंवा मुलाने, हा दुसरा. यात तुम्ही ट्रॉलीपासून चार पावलं लांब, हात मागे बांधून उभं राहायचं. सरकत्या पट्ट्यावर आपली बॅग दिसली की हात आपोआप पुढे जातो, म्हणून पट्ट्याकडे पाठ करा. तिसरा उपाय पैसे पाठवायचा. तो सोपा आहे आणि गावाला आवडत नाही.

व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागून ठेवा. तिचे तीन प्रकार असतात: ज्याला जिने चढता येतात तो, ज्याला जिने चढता येत नाहीत तो, आणि ज्याला सीटपर्यंत न्यावं लागतं तो. दुसरा मागा. विमान लांब उभं असलं तर बसने नेतात आणि मग शिडी लागते. मुंबईच्या विमानाला खुर्च्यांची रांग पाहून तुम्हाला वाटेल, की अर्धं विमान तुमच्याच वॉर्डातलं आहे. तसं नाही. त्यातल्या काहींना फक्त इमिग्रेशनची रांग चुकवायची असते आणि मुंबईत उतरल्यावर ते चमत्कार झाल्यासारखे चालू लागतात. तुमचे टाके शर्टाखाली असल्यामुळे लोक तुम्हालाही त्यांच्यातलेच समजतील. समजू द्या.

पुढचा रस्ता थोडक्यात. द्रुतगती महामार्ग ठीक, खंबाटकी घाट ठीक. घरापासच्या फाट्यावर बिनरंगाचे गतिरोधक लागतील तेव्हा उशी काढा.

घरी पोहोचल्यावर लोक ‘तब्येत तर छान दिसतेय’ म्हणतील आणि पाठीवर थाप मारतील. थाप अडवायला नातवाला शेजारी बसवा. म्हातारी माणसं समोर असली तरी वाकून नमस्कार महिनाभर नाही. साष्टांग तर नाहीच. आत्याने तुमच्यासाठी काय नवस बोललाय ते लगेच विचारून घ्या. लोटांगणाचा असेल तर खंडोबाकडे मुदत मागा. जेजुरी कुठे जात नाही.

झडप कसली, हा प्रश्न येईल. धातू-कार्बनची असेल तर सांगून टाका. प्राण्याच्या ऊतीची असेल आणि समोर माळकरी आजोबा असतील तर ‘टिश्यूची’ म्हणा आणि चहा मागा. यांत्रिक झडप टकटक वाजते. शारजात ते एसीच्या घरघरीत लक्षात येत नाही, गावी रात्री वीज गेली की सगळ्या खोलीला ऐकू जातं. भाचा घड्याळ शोधू लागला तर सांगा, की हे चालूच राहिलेलं बरं.

जेवणात दोन पक्ष पडतील. वॉरफॅरिन घेणाऱ्याला हिरवी भाजी वर्ज्य, असं एक काकू म्हणेल. रक्त भरून येण्यासाठी दुसरी अळूचं फदफदं घेऊन येईल. दोघी चुकतात. पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वाने औषधाचा जोर कमी होतो, पण भाजी सोडायची नसते, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं असतं. तेव्हा आठवडाभर काही नाही आणि रविवारी पातेलंभर, हे टाळा. काढे नकोत. अंगदुखीवर कुणी आयबुप्रोफेन पुढे केलं तर तेही नको.

दातांचं मात्र नीट ऐका. दुबईतला दंतवैद्य परवडत नाही म्हणून आपण सगळे दाढा सांभाळून गावी नेतो आणि सुट्टीत एका दमात उरकतो. नव्या झडपेचा माणूस हे करू शकत नाही. हिरडीतले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसतात, आणि तो संसर्ग जीवघेणा असतो. दाढ थांबू शकत असेल तर थांबू द्या. नसेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारून आधी अँटिबायोटिक घ्या, आणि दंतवैद्याला कार्ड दाखवल्याशिवाय तोंड उघडू नका.

परतीचं तिकीट सहा महिन्यांच्या आत काढा, नाहीतर निवासी व्हिसा जाण्याची भीती. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध परवानगीशिवाय इथे आणायचं नाही. एवढं झालं की निघायच्या आदल्या रात्री कुणीतरी पिशवी घेऊन येईल: ‘तुझ्या बॅगेत जागा असेलच, तुला तर काही उचलायचं नाही.’ पिशवीत काय आहे ते विचारा. अनारसे असतील तर त्यांवर खसखस आहे का तेही विचारा. अमिरातीत खसखस अमली पदार्थात धरतात, आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्याला तुमच्या मावशीचा हात किती चांगला आहे हे माहीत नसतं.