गुरू गडावर, शिष्य गंगेवर

नाशकातल्या जुन्या व्यायामशाळेत एक उस्ताद असतात, एक एरंडेलाची बाटली असते आणि एक काका असतात. काकांचं वय साठीच्या पुढे, पोट त्याच्याही थोडं पुढे. सकाळी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, चक्कर, येताना मिसळ, तर्री जादा. संध्याकाळी पाचच्या ठोक्याला मल्लखांबाशेजारच्या बाकावर हजर. स्वतः काकांना खांबावर चढताना कुणी पाहिलेलं नाही. पण एखादं पोरगं अढी घालायला गेलं की बाकावरून आवाज येतोच, "माणसासारखा काय चढतोस? माकड बघ जरा, माकड!"

याला आधार आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाकडचे अली आणि गुलाब हे पहिलवान पुण्यात आव्हान देत आले. कुणी पुढे होईना. तेव्हा कोवळ्या वयाच्या बाळंभटदादा देवधरांनी मुदत मागून घेतली आणि थेट वणीचा सप्तशृंगी गड गाठला. तिथे मारुतीने माकडाच्या रूपात त्यांना लाकडी खांबावरच्या पकडी शिकवल्या आणि परतून दादांनी गुलाबला चीत केलं, अशी मल्लखांबवाल्यांची पिढीजात कथा. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लस्तंभ आहे, म्हणजे खांब दादांच्या कितीतरी आधीचा, असं कुणी शहाणपण केलं की काका म्हणतात, "खांब होता रे. माकड नव्हतं!"

म्हणून दादांचे गुरू मारुतीराय, तेच काकांचेही गुरू. 2022 साली हनुमानाचा जन्म अंजनेरीचा की किष्किंधेचा यावरून नाशकात साधूंची सभा तापली, तेव्हा काकांनी घरचा वाद असल्यासारखे दोन दिवस जेवण टाकलं; मिसळ सोडून. गडावर त्यांची वारी ठरलेली. ट्रॉली झाल्यापासून वानरचालीचा हा अभ्यासक बसल्या बसल्या वर पोचतो, प्रसादाची पिशवी माकडांच्या हवाली करतो आणि डोळ्यांत प्राण आणून बघत राहतो.

मग व्यायामशाळेत परतून प्रात्यक्षिक. काका चष्मा सावरून ओणवे होतात. माकडाचे हातपाय लांबीने जवळपास सारखे, म्हणून चौपायी चालताना त्याची पाठ सपाट राहते. काकांचे पाय लांब, हात आखूड. त्यामुळे कंबर आभाळाकडे आणि नाक तांबड्या मातीत. तिसऱ्या पावलाला चष्मा पडतो, चौथ्याला कंबर धरते. "शेपटी नाही ना, तिथं अडतं," काका तसेच वाकून सांगतात. एक चिमुरडी लगेच उडी मारायची दोरी आणून त्यांच्या कमरेला बांधते. फरक पडत नाही.

पडणार कसा? शेपटी तोल सांभाळायला. आपल्याकडचं कुठलंही माकड शेपटीने लटकत नाही. गोम आहे पायाच्या अंगठ्यात. माकडाचा अंगठा इतर बोटांपासून फुटून फांदी धरतो, आपला चपलेचा पट्टा धरण्यापुरता. ही उणीव मल्लखांबाने मांड्यांनी भरून काढली. दोरी बांधणारी तीच चिमुरडी तळव्यांना तेल चोळते, खांबाला हात घालते, पाय वर फेकते आणि डोकं खाली करून दोन मांड्यांत खांब आवळते. मग हात सोडून देते. तेलाने निसटणाऱ्या शिसवी खांबावर ती तशीच टिकते, अंग वळवते आणि बघता बघता बोंडावर उभी राहते. गडावर ती एकदाच गेली होती, तीही आईच्या खांद्यावर झोपून.

"बघितलंत? माझं शिकवणं!" काका माती झटकत म्हणतात. कुणी नाही म्हणत नाही, कारण खांबाला रोज तेल लावणारे आणि पडणाऱ्या पोराला पहिला हात देणारेही तेच.

सारांश, माकडाची पकड घ्यावी, चाल त्याची त्याला राहू द्यावी. पोरांना मल्लखांब शिकवायचा असेल तर सरळ व्यायामशाळेत घाला. गडावर देवीच्या दर्शनाला जरूर जा, पण प्रसादाची पिशवी काकांच्या हाती देऊ नका.