रिडक्शनमामा

टूलरूममध्ये आयुष्य काढलेला एक तरी मामा तुमच्या ओळखीचा असेलच. आमचे भोसरी एमआयडीसीतले. खिशात पेन नसेल, पण व्हर्निअर असतो.

भाच्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, बडीशेपेची उभी स्टीलची डबी फिरत फिरत मामांकडे आली. बडीशेप बशीत ओतून त्यांनी रिकामी डबी मापायला घेतली. "व्यास पन्नास, उंची साठ. व्यासाचा वर्ग, अधिक चार गुणिले व्यास गुणिले उंची, त्याचं वर्गमूळ... एकशेवीस व्यासाचा गोल पत्रा, म्हणजे ब्लँक. म्हणजे रिडक्शन अठ्ठावन्न टक्के!" मुलीचे वडील एकदम खुलले. त्यांना वाटलं, लग्नखर्चाचं बोलणं निघालं.

"एका ड्रॉमध्ये नाही होणार," मामा त्यांना सांगू लागले. "पहिल्यांदा फार तर पंचेचाळीस टक्के. एकशेवीसचे सहासष्ट. मग सहासष्टचे पन्नास, चोवीस टक्के. पत्रा एकदा ओढला की कडक होतो, दुसऱ्यांदा तेवढा देत नाही. हावरटपणा केला की तळाच्या कोपऱ्यात फाटतो." मुलगी आत निघून गेली होती.

तेव्हापासून मामांना सगळीकडे रिडक्शनच दिसतं. बिल्डरने कार्पेट एरिया सांगितला, काढ रिडक्शन. पगारवाढीचं पत्र आलं, महागाई वजा करून काढ रिडक्शन. एका डायचा खर्च वाचवायला साहेबांनी दोन ड्रॉचं काम एकात करायला सांगितलं, तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "फाटेल." फाटलं. भंगाराच्या पेटीत बूड सुटलेल्या वाट्यांचा ढीग लागला. साहेबांनी पत्रा पुरवणाऱ्याला झापलं.

माणूस वैताग आहे, यात वाद नाही. पण आयटीआयमधून नवीन पोरगं आलं की हेच मामा त्याला पहिला आठवडा नुसतं ब्लँकला तेल लावायला बसवतात. सुपरवायझर ओरडतो, उत्पादन पडतं. मामा म्हणतात, "पहिल्या ड्रॉला एवढं ओढू नका." दोन्ही हातांनी एकदम दाबायच्या बटणांपैकी एकावर कुणी लाकडी पाचर ठोकलेली दिसली, तर प्रेस बंद करतात आणि पाचर खिशात टाकतात. कपाटातला त्यांचा डबा तसल्या पाचरांनी भरलाय.

जुन्या प्रेस ऑपरेटरांशी हस्तांदोलन केलंत, तर बोटं मोजून बघा. मामांची दहा आहेत. त्यांच्या हाताखालच्या पोरांचीही.